शेततळ्यातले मासे आणि पाण्यातला ऑक्सिजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बहुतेक प्रश्न कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस पाळणाऱ्या शेततळेधारकांचे आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच तळं धरलंय : वरून ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१. असं तळं काठोकाठ भरलं की २,१९६ घनमीटर, म्हणजे साधारण २२ लाख लिटर पाणी होतं. तुमच्याकडे पाणी निम्मं असेल तर तळ्यातल्या साठ्याचे आणि मात्रेचे किलोतले आकडेही निम्मे करून घ्या. ऑक्सिजनचे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत; पुढे नुसते 'मिलिग्रॅम' म्हटलंय.

१. पाणी म्हणजे एच-टू-ओ. त्यात ऑक्सिजन आहेच, मग मासे गुदमरतात कसे?

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हायड्रोजनला घट्ट बांधलेला असतो. कल्ल्यांना तो सुटा करता येत नाही. माशाला लागतो तो हवेतून आणि वनस्पतींकडून येऊन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात हवेशी समतोल झाल्यावर फक्त ७.५. पाणी तापलं की तो आणखी घटतो : २० अंशांना ९.१, २५ ला ८.३, ३५ ला जेमतेम ७. पुणे-नाशिकच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने यातूनही सहा-सात टक्के वजा करा. उन्हाळ्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, आणि नेमका तेव्हाच पाण्यातला साठा आटतो.

२. माशांना किती ऑक्सिजन पुरतो?

पहाटेचा आकडा ५ किंवा जास्त असेल तर निर्धास्त राहा. ३ ते ५ मध्ये मासे जगतात, पण खाणं कमी होतं, खाद्य अंगी लागत नाही आणि रोज असंच चाललं तर रोग शिरतो. ३ च्या खाली धोका सुरू होतो. १ च्या खाली काही तासांत मर लागते.

सगळ्या जाती एकाच वेळी खचत नाहीत. कटला आणि चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) आधी वर येतात, त्यामागून रोहू. सायप्रिनस बराच टिकतो. तिलापिया त्याहून चिवट. जंबो कोळंबी मात्र नाजूक. ती तळाशी राहते आणि ऑक्सिजन आधी तळाचाच संपतो. पहाटे कोळंबी काठाला चढून बसलेली दिसली तर मासे वर यायची वाट पाहू नका. मरळ, मागूर आणि पंगससाठी प्र. १३ पाहा.

३. दुपारी मीटर १२ दाखवतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात. मीटर बिघडलंय का?

मीटर बहुधा ठीक आहे. हिरव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं वनस्पती-प्लवंग असतं. उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आकडा सर्वांत वर असतो. सूर्य मावळला की बनवणं थांबतं. श्वास घेणं थांबत नाही. तेच प्लवंग रात्रभर ऑक्सिजन खातं आणि उजाडायच्या जरा आधी आकडा तळ गाठतो. दुपारी १२ आणि पहाटे २ हे एकाच दाट हिरव्या तळ्याचं रूप आहे. दुपारचा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही. नोंद ठेवायचीच तर पहाटेची ठेवा.

४. रात्री ऑक्सिजन संपतो तो माशांमुळेच ना? मासे कमी केले की झालं?

हिशेब मांडून बघा. ५ मिलिग्रॅम असताना आपल्या २२ लाख लिटरच्या तळ्यात मिळून सुमारे ११ किलो ऑक्सिजन असतो. तळ्यात ५०० किलो मासे आहेत आणि एक किलो मासा तासाला ३०० मिलिग्रॅम घेतो असं धरा. म्हणजे तासाला १५० ग्रॅम, बारा तासांच्या रात्रीत १.८ किलो. यातून आकडा उतरतो जेमतेम ०.८ ने. पण दाट हिरव्या तळ्यात रात्रीत आकडा पाच-सहाने खाली येताना दिसतो. तेवढं उतरायला ११ ते १३ किलो ऑक्सिजन लागतो. उरलेला कुणी खाल्ला?

प्लवंगाने, आणि न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, शेण, मेलेलं शेवाळ कुजवणाऱ्या जिवाणूंनी. हे जिवाणूही ऑक्सिजनवरच जगतात. माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन घेतात. मासे हे तळ्यातलं लहान गिऱ्हाईक. मोठं गिऱ्हाईक खुद्द पाणी आणि गाळ.

तरी मासे अगदीच निर्दोष नाहीत. जास्त मासे म्हणजे जास्त खाद्य, जास्त खाद्य म्हणजे जास्त खत, आणि त्यावर पाणी हिरवं होत जातं. त्यामुळे संख्या कमी करण्याचा फायदा होतो, पण या वळणाने आणि काही आठवड्यांनी. उद्या पहाटेची अडचण त्याने सुटत नाही.

५. पाणी किती हिरवं असावं, हे मोजायचं कसं?

२० सेंटिमीटर व्यासाची ताटली घ्या, चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून खुणा केलेली दोरी बांधा आणि खाली वजन लावा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, ऊन पाठीवर घेऊन ती हळू सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी काढा.

३० ते ४० सेंटिमीटर छान. २० च्या खाली गेली तर शेण आणि रासायनिक खत पूर्ण बंद, खाद्य निम्मं, आणि पाणी उपलब्ध असेल तर एक चतुर्थांश बदला. काढलेलं पाणी पिकाला द्या, त्यात खतच आहे. ६० च्या पुढे गेली तर पाणी फिकं आहे. रात्री धोका कमी, पण माशांना नैसर्गिक खाद्यही कमी.

एक सावधगिरी : ताटली गढूळपणाही मोजते. पावसाने माती आली असेल तर २० सेंटिमीटरचा अर्थ हिरवळ असा होत नाही. पाणी काचेच्या ग्लासात घेऊन रंग बघा.

६. आज रात्री ऑक्सिजन किती उतरेल, हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. संध्याकाळी सहाला मोजा, पुन्हा नऊला मोजा. समजा ९ होता, ७.५ झाला. तीन तासांत दीड, म्हणजे तासाला अर्धा. पहाटे सहापर्यंत बारा तास, म्हणजे सहाने घट, उरेल ३. अशा रात्री एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावूनच झोपा. दोन्ही वेळा एकाच जागी आणि एकाच खोलीवर मोजा, नाहीतर हिशेब फसतो. एक माप पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि एक तळापासून हातभर वर असं घेतलंत तर तळाची अवस्थाही कळते.

मीटर नसेल तर थेंब टाकून रंग बघायचे किट चालतं. नमुना बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका, आणि रसायनं लगेच घाला. घरी नेऊन तासाभराने तपासलेला आकडा बाटलीचा असतो, तळ्याचा नाही.

काहीच नसेल तर पहाटे चारला बॅटरी घेऊन काठावर जा. मासे वर आहेत, पण उजेड पडताच किंवा टाळी वाजवताच खाली जातात : अडचणीची सुरुवात आहे. उजेड पाडला तरी हलत नाहीत : प्र. ७ कडे जा, लगेच.

७. पहाटेचे चार वाजलेत, मासे वर येऊन हवा पिताहेत. आत्ता काय करू?

एअरेटर असेल तर सुरू करा. नसेल तर पंप लावून तळ्याचंच पाणी उचला आणि पाइपाचं तोंड अरुंद करून ते वरून, फवारा फुटेल असं परत तळ्यात पाडा. पाण्याचे थेंब जितके बारीक, तितकी हवा जास्त मिसळते. पाइप पाण्यात बुडवून ठेवला तर नुसतं पाणी फिरतं, ऑक्सिजन वाढत नाही. ही चूक सर्रास होते. शक्यतो वरचं, फूट-दोन फुटांतलं पाणी उचला. फुटबॉल (पंपाच्या ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) तळाशी टेकलेला असेल तर तुम्ही तळाचं मेलेलं पाणी वर आणाल.

सगळं तळं सुधारायच्या नादी लागू नका. एकच कोपरा धरा. मासे आपोआप तिकडे जमतात आणि तेवढ्यावर तगतात. सूर्य उगवला म्हणून लगेच बंद करू नका; मासे खाली जाऊन तासभर होऊ द्या. वीज नसेल तर डिझेल पंप. आसपास कुणाकडे आहे, हे मासे सोडायच्या आधीच विचारून ठेवायचं काम आहे.

जाळं ओढू नका, मासे धावले की श्वास वाढतो. खाद्य, शेण, चुना काही टाकू नका. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाद्य बंद.

वीज चालू असताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर एअरेटर बसवूच नका. कागदाच्या (प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या) तळ्यात उतरलेला माणूस घसरतो आणि वर येऊ शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर आणि टायर कायम बांधलेले असू द्या.

८. पावसाची झड लागली की मर का होते? पावसाने तर हवा मिसळते ना?

पावसाच्या थेंबांनी वरचं थोडं पाणी सुधारतं. पण तीन-चार दिवस आभाळ भरलेलं राहिलं की दिवसा ऑक्सिजन फारसा बनत नाही, रात्रीचा खर्च मात्र तसाच. दर सकाळी शिल्लक कमी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या पहाटे मासे वर येतात आणि माणसाला वाटतं, अचानक झालं.

वळवाच्या पहिल्या जोरदार पावसाची गोष्ट वेगळी. मे महिन्यात तीन मीटर खोल तळ्यात वर गरम, हलकं पाणी आणि खाली गार, जड पाणी असे थर बसतात. खालच्या थरात ऑक्सिजन शून्याजवळ असतो आणि तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात. गार पाऊस आणि वारा आला की थर मोडून सगळं पाणी एकत्र कालवलं जातं. दिवसाढवळ्या मर होते ती अशी.

तिसरा प्रकार प्लवंग अचानक मरण्याचा. काल हिरवं असलेलं पाणी आज तपकिरी-राखाडी, फेसाळ. बनवणारा गेला आणि त्याचं प्रेत कुजायला आणखी ऑक्सिजन लागतो. शेवाळावर मोरचूद एकदम सगळीकडे टाकणारे हे संकट स्वतःच ओढवून घेतात.

उपाय : आभाळ आलं की खाद्य निम्मं, दुसऱ्या दिवशी बंद. दोन-चार दिवस उपाशी राहून कटला मरत नाही.

९. एअरेटर किती एचपीचा घ्यावा आणि कधी चालवावा?

एअरेटर तासाला किती ऑक्सिजन देतो, याचा कंपनीचा आकडा ऑक्सिजन शून्य असलेल्या, २० अंशांच्या स्वच्छ पाण्यातला असतो. तासाला १.२ किलो लिहिलं असेल तर आपल्याकडे ३० अंशांना, पाण्यात ३ मिलिग्रॅम असताना ०.६ ते ०.७ किलो पडतो. सहा तासांत सुमारे ४ किलो, म्हणजे आपल्या तळ्यात आकडा १.८ ने वर. ही मदत जीव वाचवायला पुरते, पण दाट हिरवळीचा १२ किलोचा खर्च ती भागवू शकत नाही.

वेळ : मध्यरात्रीनंतर ते ऊन वर येईपर्यंत. पाण्यात आधीच ऑक्सिजन भरपूर असताना, म्हणजे दुपारी, एअरेटर उलट जादा ऑक्सिजन हवेत घालवतो. मग दुपारी तासभर चालवा असं का सांगतात? तर वरचं भरलेलं पाणी खाली पोचावं आणि थर बसू नयेत म्हणून. हे हंगामाच्या सुरुवातीपासून रोज केलं तरच चांगलं. महिनाभर बसलेला थर एका दुपारी मोडलात तर प्र. ८ मधली मर तुम्हीच घडवाल.

चाकाचा एअरेटर वरच्या दीड मीटरपर्यंत नीट काम करतो. तीन मीटर खोलीला ब्लोअर आणि तळाशी बारीक भोकांची नळी जास्त उपयोगी. फक्त नळी कागदाला घासणार नाही अशी वजनाने बसवा. शेतीच्या फीडरला रात्री वीज नसण्याची पाळी असेल तर आधी जनरेटरचा विचार करा, मग एअरेटरचा.

१०. ऑक्सिजनची पावडर, चुना, परमँगनेट, मीठ : यातलं खरंच काय चालतं?

पावडर किंवा गोळ्या म्हणजे बहुधा सोडियम परकार्बोनेट. त्यातून ऑक्सिजन खरंच निघतो, पण शुद्ध मालाच्या १ किलोमागे जास्तीत जास्त १५० ग्रॅम. आपल्या तळ्यात आकडा फक्त १ ने वाढवायला २.२ किलो ऑक्सिजन, म्हणजे जवळपास १५ किलो पावडर. एका कोपऱ्यापुरती, वीज येईपर्यंतची सोय म्हणून ठीक.

चुना ऑक्सिजन देत नाही. परमँगनेटही देत नाही. ते काही घाण जाळतं, पण सोबत प्लवंग मारतं आणि पुढच्या रात्री परिस्थिती बिघडवू शकतं. मिठाचा उपयोग आहे, पण वेगळ्या दुखण्यावर, प्र. १५ पाहा.

११. कागदाच्या तळ्यात ऑक्सिजनचा प्रश्न कमी असतो का?

पहिल्या वर्षी थोडा कमी, कारण गाळ नसतो. पुढे विष्ठा आणि खाद्य तळाच्या कोपऱ्यांत साचतं. पाण्याची पातळी खाली गेली की उंच बांध वारा अडवतात, आणि वाऱ्यानेच तर रात्री थोडी हवा मिसळते. खरी गोम उन्हाळ्यात आहे : बागेला पाणी देता देता २२ लाखांचे ८ लाख लिटर उरतात, मासे मात्र तेवढेच, उलट वजनाने वाढलेले. मार्चमध्येच मोठे मासे काढून विरळणी करा.

१२. तळ्याला जोड म्हणून बोअरचं पाणी सोडलं आणि मासे मेले. असं कसं?

जमिनीखालच्या पाण्याला हवा लागलेली नसते. त्यात ऑक्सिजन बऱ्याचदा नगण्य असतो; कार्बन डायऑक्साइड आणि कधी लोह जास्त असतं. ते थेट तळाशी सोडलं तर मासे विनाऑक्सिजन पाण्यात सापडतात. तेच पाणी उंचावरून दगडांवर, जाळीवर किंवा पायऱ्यांवर फोडत आणलं तर चांगलं. एका वेळी थोडं सोडा.

१३. मरळ चिखलातही जगतो, म्हणजे त्याला ऑक्सिजन लागत नाही?

लागतो, पण तो पाण्याऐवजी हवेतून घेतो. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची पोकळी असते. पाण्यात ०.५ मिलिग्रॅम असलं तरी तो वर येऊन घोट घेतो. पण वर येण्याची वाटच बंद केली, म्हणजे बुडवलेल्या जाळ्यात अडकला किंवा जलपर्णीने पृष्ठभाग पूर्ण झाकला, तर मरळ चक्क बुडून मरतो, पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी. मागूर आणि पंगसही हवा घेतात, पण कल्ल्यांवर बरेच भागवू शकतात. तेव्हा मरळाच्या तळ्यात मासे वर येणं ही खूण धरू नका.

१४. बायोफ्लॉकच्या टाकीला हेच नियम लावायचे का?

आकडे तेच, वेळ वेगळी. तिथे जिवाणूंचे पुंजके मुद्दाम वाढवलेले असतात आणि ते दिवसरात्र ऑक्सिजन खातात. दाट टाकीत लाइट गेल्यावर अर्ध्या-एक तासात मर सुरू होऊ शकते. आपोआप सुरू होणारा बॅकअप नसेल तर या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१५. मासे दिवसभर वर आहेत, पण मीटर ६ दाखवतं. मग कमी काय आहे?

पाण्यात ऑक्सिजन आहे, माशाच्या रक्तात पोचत नाही. एक मासा पकडून कल्ले बघा. तपकिरी, चॉकलेटी रंग दिसला तर नायट्राइटचा संशय घ्या. त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. इथे मीठ कामाला येतं, कारण क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. नायट्राइट मोजा आणि क्लोराइड त्याच्या किमान दहापट ठेवा. १ मिलिग्रॅम नायट्राइटसाठी पूर्ण तळ्याला सुमारे ३६ किलो साधं मीठ, विरघळवून, चहूकडे. कल्ले फिके, चिकट किंवा कुरतडलेले असतील तर परजीवी. अंगावर चपट्या, सरकणाऱ्या उवा दिसल्या तर तेच. अशा वेळी मासा जिवंत असतानाच मत्स्य अधिकाऱ्यांना दाखवा.

१६. मत्स्यबीजाच्या पिशवीत किती पाणी, किती ऑक्सिजन?

एक भाग पाणी, दोन भाग सिलिंडरमधला ऑक्सिजन. बोटुकली आदल्या दिवशी उपाशी ठेवलेली असावी, नाहीतर विष्ठेच्या अमोनियाने पाणी वाटेतच नासतं. प्रवास रात्री किंवा पहाटे. पोचल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. बीज दुपारच्या उन्हात सोडू नका.

१७. ऑक्सिजन जास्त झाल्यानेही मासे मरतात?

क्वचित, पण हो. उथळ, दाट हिरव्या तळ्यात कडक उन्हात पाणी अतिसंपृक्त होतं, म्हणजे एरवी मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन त्यात विरघळतो, आणि पिल्लांच्या परांत, डोळ्यांजवळ बारीक बुडबुडे दिसतात. मोठे मासे खोल पाण्यात जाऊन सुटतात. नर्सरीच्या फूटभर पाण्यात पिल्लांना जागाच नसते. सावलीची जाळी बांधा, खोली वाढवा.

१८. सकाळी मेलेले मासे दिसले. ऑक्सिजनने मेले की कुणी विष टाकलं?

ऑक्सिजनची मर पहाटेची असते. मोठे मासे आधी आणि जास्त जातात, लहान बरेच वाचतात. कटला, चंदेऱ्या मेलेले आणि सायप्रिनस जिवंत. तोंड उघडं, कल्ले फाकलेले. विषाची मर कोणत्याही वेळी होते, बहुधा लहान-मोठं बघत नाही, मासे गोल गोल फिरतात, उड्या मारतात, आणि पाण्यातले किडे, बेडकांची पिल्लंही मरतात. शेजारच्या बागेत आदल्या दिवशी फवारणी झाली होती का, आणि पाऊस तिकडून तळ्याकडे वाहिला का, हेही बघा.

संशय असेल तर दुपारी नव्हे, लगेच पाणी मोजा; दहा वाजेपर्यंत ऊन पुरावा पुसून टाकतं. काचेच्या स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी घेऊन बर्फात ठेवा, नुकतेच मेलेले दोन-तीन मासे वेगळ्या पिशवीत बर्फावर. कारण कळेपर्यंत ते मासे विकू नका, कुत्र्यालाही घालू नका. बाकीचे त्याच दिवशी बाहेर काढून तळ्यापासून लांब चुना टाकून पुरा; पाण्यात राहिले तर ते कुजवायला पुढच्या रात्रीचा ऑक्सिजन जातो.